सात नकाशे, दोन भोवरे

एकवीस तास आधी

"मी कडी काढून टाकलीय," बाई म्हणाली. "मुलीच्या खोलीची. आतून लागू नये म्हणून."

खुर्चीत टेकायच्या आधीच तिने हे सांगितलं. कॉलरला दोन सुया टोचलेल्या, बोटांवर मशीनच्या तेलाचा काळा पट्टा. शिलाई मशीन दुरुस्त करायचं तिचं दुकान होतं, आणि ते उघडं टाकून ती आली होती.

भावोजी तेव्हा खिडकीच्या काचेत बघून केस बसवत होते. डाव्या कानाच्या जरा वर भांग पाडायचा आणि तिथले केस पार उजव्या कानापर्यंत न्यायचे, हे त्यांचं काम दिवसातून अकरा वेळा चालायचं. त्यांनी कंगवा घाईघाईने खिशात टाकला आणि वही काढली.

लाँड्रीवरच्या या दोन खोल्यांबाहेर 'खाजगी तपास' अशी पाटी होती. तपास करायच्या त्या वहिनी. भावोजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं आणि गाडी होती, आणि दुपारी शिकणारे कमी असत. चोवीस वर्षं नवशिक्यांच्या शेजारी बसून त्यांचा वेग ताशी वीसच्या वर जात नसे. गाडीचाही आणि डोक्याचाही, असं वहिनी म्हणायच्या.

"बसा," वहिनी म्हणाल्या. "मुलगी केवढी?"

"सोळा. घरात भिंगरी म्हणतो, एका जागी टिकत नाही म्हणून. शुक्रवारपासून एका जागी बसून आहे." बाई खुर्चीत टेकली. "केस कापायला शिकते. उद्या दहाला निवड परीक्षा आहे. नाटकाच्या मोठ्या कंपनीत वर्षभर काम शिकायचं, एकच जागा. तिच्या मॅडम म्हणाल्या होत्या, ती जागा भिंगरीचीच. आता म्हणते, कात्रीला हात लावणार नाही. जेवत नाही. परीक्षा गेली खड्ड्यात हो, मला पोरगी हवीय."

तिने पर्समधून फोटो काढला. मुलाने काढलेला, म्हणाली. फोटोच्या उजव्या कडेला खिडकी होती, खिडकीपाशी एक मुलगी तोंडभर हसत होती आणि खिडकीकडच्या गालावर, डोळ्याखालून जबड्यापर्यंत, जांभळट जन्मखूण होती.

"आणि हे."

सात कागद टेबलावर आले.

सात कागद

संस्थेतल्या मुलांचं फोनवर एक पान होतं, नाव 'फळा'. कोणीही काहीही टाकावं, टाकणाऱ्याचं नाव दिसत नाही. तिथे आलेली ही चित्रं मुलीच्या दादाने छापून आणली होती. सगळी शिसपेन्सिलीने काढलेली, सगळी एकाच छापील तक्त्यावर. केस कापण्याआधी मुलं त्यावर बेत आखतात. वर समोरून चेहरा, खाली वरून दिसणारं डोकं, म्हणजे नुसता गोल.

पहिलं, सोमवारचं. उजव्या समासातून एक बाण थेट गालावरच्या डागात. खालच्या गोलात दोन वेटोळी, गोगलगाईंसारखी. ओळ : 'आजचा नकाशा. येथे रस्ता चुकल्यास संस्था जबाबदार नाही.' हसण्याच्या खुणा एक्केचाळीस.

दुसरं, मंगळवारचं. उजवीकडे एक पर्यटक दुर्बीण लावून डागाकडे बघतोय. गोलात दोन गोगलगाई. खुणा अठ्ठावन्न.

तिसरं, बुधवारचं. तसंच. डागावर छोटी बोट, दोन गोगलगाई. त्रेसष्ट.

मग दोन दिवस काही नाही.

चौथं, शनिवारचं. डाव्या समासात होकायंत्र, त्याची सुई गालात रुतलेली. खालचा गोल कोरा. 'या नकाशात एकही घर नाही.' खुणा बावीस.

पाचवं, रविवार दुपारचं. डावीकडून पाऊस, डाग वाहून मानेपर्यंत. गोल कोरा. एकोणीस.

सहावं, सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. तेच, पण कपाळावरचे केस पायऱ्यापायऱ्यांनी कापलेले. अकरा.

सातवं, मंगळवारी सकाळी. चित्र तेच. ओळ : 'हा नकाशा फाडून टाका.' आठ.

"लोक कंटाळलेले दिसतात," भावोजी म्हणाले.

वहिनींनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते वहीत शिरले.

"पानवाल्यांकडे तक्रार?"

"दोनदा केली. 'तपासत आहोत' असं उत्तर येतं. रविवारी संध्याकाळी तर तिने माझी कापडाची कात्री घेऊन स्वतःचेच केस कापले, पुढचे. तेव्हापासून डोक्याला टॉवेल. सोमवारी दुपारी मी जबरदस्तीने सोडवला तेव्हा कुठे मला दिसलं." बाई उठली. "ताई, उद्या दहाच्या आत सापडेल ना हो तो? सापडला तर ती उठेल."

"सापडल्यावर ती उठेलच, असं मी म्हणत नाही," वहिनी म्हणाल्या. "पण शोधते. भावोजी, गाडी. आणि आज जरा तिसऱ्या गियरची ओळख करून घ्या."

एकोणीस तास आधी : दादा

मोबाइल दुरुस्तीचं दुकान एवढं अरुंद की भावोजींना आडवं होऊन आत यावं लागलं. दादा वीस वर्षांचा, डोळ्याला भिंग लावून बसलेला.

"'नकाशा' हे नाव कोणी ठेवलं तिला?" वहिनींनी पहिलाच प्रश्न टाकला.

त्याच्या हातातला स्क्रू टेबलावरून घरंगळत गेला. कोणी उचलला नाही.

"मी. ती पाच वर्षांची होती. भांडण झालं की म्हणायचो. एकदा आईने असं धुतलं, तेव्हा बंद केलं. शप्पथ, दहा वर्षांत तोंडातून काढलं नाही."

"माहीत कोणाला?"

"घरात. आणि पिनला, तिच्या मैत्रिणीला. ती लहानपणापासून आमच्याकडेच पडीक असते. पहिलं चित्र आल्यावर काय, सगळ्या गावालाच कळलं."

"सहाव्या चित्रातले केस?"

"ते चिडवायला काढलेत ना? खरंच तसे आहेत?" तो गडबडला. "मी बघितलेच नाहीत. माझ्यासमोर टॉवेल काढत नाही ती."

वहिनींनी कोरा कागद सरकवला. "तिचा चेहरा काढ. दोन रेघांत."

त्याने अंड्यासारखं काहीतरी काढलं आणि कागदाच्या उजव्या अंगाला डाग गिरवला. काढता काढता त्याचं नाक लाल झालं.

बाहेर पडल्यावर भावोजी कुजबुजले, "नाव यानेच ठेवलं. फोनमधलं यालाच कळतं. हाच."

"वहीत लिहा," वहिनी म्हणाल्या. "खोडायला सोपं जाईल अशा पेन्सिलीने."

अठरा तास आधी : संस्था

वर्गाच्या दोन्ही भिंतींना आरसे. भावोजींना एका वेळी चौदा भावोजी दिसले, त्यातल्या एकाचेही केस जागेवर नव्हते. त्यांनी कंगवा काढला.

"भोवरा कुठंय?" मॅडम एका मुलावर ओरडत होत्या. "तक्ता कोरा ठेवून कात्री उचललीस? केस वळतात कुठून? भोवऱ्यातून! मग आधी काय बघायचं?"

मॅडमच्या हातांची बोटं सांधेदुखीने वाकली होती. "सहा वर्षं झाली कात्री सोडून," त्या म्हणाल्या. "आता तोंडाने शिकवते. कोणाच्या डोक्याला हात लावत नाही. जोड्या लावून देते आणि वर्षभर त्या बदलत नाही. एका डोक्याची ओळख व्हायला वर्ष लागतं हो. भिंगरीची जोडी पिनबरोबर. मुलांची जोडी मुलांशी."

"चित्रं बघून तुम्ही काय केलंत?"

मॅडम कात्र्यांच्या ट्रेकडे बघत राहिल्या. "मला वाटलं, लक्ष दिलं नाही की आपोआप थांबेल. शेवटी सोमवारी पोलिसांचं नाव काढलं."

पहिला साक्षीदार आला. हा सतरा वर्षांचा, कानात बाळी, केस हिरवट. भिंगरी पहिली आणि हा दुसरा, दोन वर्षं सलग. त्यामुळे सगळे त्याला 'सेकंड' म्हणत.

"उद्या ती आली नाही तर जागा तुझी," वहिनी म्हणाल्या.

"हो ना. आणि मग जन्मभर लोक म्हणणार, भिंगरी आली नाही म्हणून मिळाली." तो फणकारला. "मला ती यायला हवीय. यायला हवीय आणि हरायला हवीय."

भावोजींना हे उत्तर इतकं आवडलं की त्यांनी लगेच संशय घेतला.

"हसण्याची खूण दाबलीस?"

सेकंड बाळीशी खेळू लागला. "पहिल्याला."

"का?"

"चाळीस जणांनी दाबली होती."

"म्हणजे एक्केचाळिसावा तू."

त्याने बाळी सोडली. मग म्हणाला, "मंगळवारनंतर काही आलं नाही. पोलीस म्हटल्यावर तंतरली असणार." कागद दिल्यावर त्याने झपझप चेहरा काढला, डाग उजव्या अंगाला.

मग पिन आली. तोंडात चार हेअरपिना धरूनच ती बोलत होती.

"पिना काढ बाई, गिळशील," भावोजी म्हणाले.

"सवय झालीय काका. भिंगरीच्या केसांना दोन हात पुरत नाहीत." ती हसायला गेली पण हसू अर्ध्यातच विरलं. "तिला दोन भोवरे आहेत. मी चिडवायचे, तू दोन नवरे करणार. ती म्हणायची, एकाला केस कापायला बसवीन आणि दुसऱ्याला झाडू देईन."

"नाटक कंपनीची जागा मिळाली तर ती वर्षभर जाणार. तुझी जोडी मोडणार."

"हो." पिना टेबलावर आल्या, एकेक करून. "तिने मला सांगितलंच नाही, अर्ज केला ते. दुसऱ्यांकडून कळलं."

"चित्रांचं काय वाटलं?"

"चौथं आलं तेव्हा तर मी रात्रभर झोपले नाही," पिन म्हणाली.

तिनेही चेहरा काढला. डाग उजव्या अंगाला.

सोळा तास आधी : भिंगरी

दाराला कडी नव्हती, तिच्या जागी चार भोकं होती. आत पलंग, टेबलावर तक्त्यांचं पॅड आणि शिसपेन्सिल, भिंतीवर हातभर आरसा. मुलगी जमिनीवर, डोक्याला निळा टॉवेल.

वहिनी शेजारी खालीच बसल्या. भावोजींना उभं राहून पायाला मुंग्या आल्या.

"तुझा फोन दिसत नाही."

"मंगळवारी दुपारी मी काढून घेतला," आई दारातून म्हणाली. "बघायलाच नको ते."

"तोंड काळं कोणी केलं आणि कोंडलं कोणाला," भिंगरी टॉवेलमधून म्हणाली. एवढंच.

वहिनी उठल्या. "उद्या सकाळी येते. तुझी हरकत नसेल तर."

टॉवेल हलला नाही. हो पण नाही, नाही पण नाही.

भावोजींची वही, त्याच संध्याकाळी

दादा : नाव याचंच. ~~हाच.~~

मॅडम : बोटं वाकडी. पेन्सिल धरवणार नाही.

सेकंड : फायदा याचा. फार खरं बोलतो, म्हणून संशय. हाच!

पिन : रडवेली. गरीब बिचारी.

गोगलगाई : ??

"वहिनी, सेकंडच. सांगा मी चुकतोय."

"तुम्ही चुकताय. आता एक करा, स्वतःचं चित्र काढा. आरशात न बघता."

भावोजींनी दहा मिनिटं घेतली. मिशा, चष्मा, आणि कागदाच्या डाव्या अंगाला भांग. "भांग डावीकडून. बरोबर ना?"

वहिनींनी कागद बघितला, समोर बसलेल्या भावोजींकडे बघितलं, आणि टाळी वाजवली. कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली. डोळे असे चमकत होते की भावोजींना वाटलं, चित्र फारच छान जमलं.

*(वाचणाऱ्याने हवं तर इथे पुस्तक मिटावं. सगळं टेबलावर आलं आहे, गोगलगाईंसकट.)*

दोन तास आधी

सकाळी आठ वाजता तेवीस मुलं आरशांसमोर बसली होती. मॅडम ट्रेपाशी उभ्या. अशा वेळी वहिनी खोलीभर फिरत, एकेकाच्या खुर्चीमागे थांबत आणि शेवटी बोट दाखवत, हे भावोजींना पाठ होतं. त्यांनी पुढच्या रांगेत जागा धरली.

"चित्रं कोणी काढली ते मला कळलंय," वहिनी म्हणाल्या.

तेवीस पाठी ताठ झाल्या.

"नाव सांगणार नाही."

भावोजींच्या हातातली पेन्सिल पडली.

"नाव सांगितलं की तुम्ही सगळे एका माणसाकडे बघाल आणि घरी जाल. फळ्यावर उद्या त्याचं चित्र येईल. मला दुसरंच विचारायचंय. पहिल्या चित्राला एक्केचाळीस खुणा आहेत, संस्थाभरातून. या खोलीतल्या किती?"

तेवीस जणांनी आरशातून एकमेकांकडे बघितलं. मग आरशात एक हिरवट डोकं दिसलं आणि त्याच्या शेजारी वर गेलेला हात. मग दुसरा हात. मग नऊ. मग मोजता येईनात, कारण आरशात ते दुप्पट दिसत होते.

"आणि 'हे बास करा' असं किती जणांनी लिहिलं?"

सगळे हात एकदम खाली आले.

"बरं. मी गाडीत आहे पाच मिनिटं."

जिन्यावर मागून पावलं आली. पिन. तोंडात एकही पिन नव्हती.

"पहिली तीन माझी," ती म्हणाली. श्वास पुरत नव्हता. "रागात काढलं. तिने अर्जाचं लपवलं म्हणून. एकच काढणार होते. पण एक्केचाळीस जण हसले हो! माझ्या कुठल्याच गोष्टीला कधी चार जण हसले नव्हते. मग दुसरं काढलं. तिसऱ्याला ती वर्गात रडली, तेव्हा बंद केलं. पुढची मी नाही काढली. आईशप्पथ. पण ते कसं सांगणार? चौथं माझं नाही म्हटलं की पहिली तीन माझी झाली."

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. "हे मला सांगून उपयोग नाही. तिला सांग, आणि माफी मागून लगेच मैत्री मागू नकोस."

भावोजींनी गाडी सुरू केली, बंद पडली, पुन्हा सुरू केली. "पुढची हिची नाहीत? मग कोणाची?"

"चला, ते जिला सांगायचंय तिच्याकडेच. तिथेच ऐका."

पहिली फेरी

"तुला परीक्षेला न्यायला आले नाही," वहिनी भिंगरीला म्हणाल्या. "गल्लीला फक्त एक वळसा. नको वाटलं तर परत घरी."

कशी कोण जाणे, ती मागच्या सीटवर येऊन बसली. टॉवेलसकट. वहिनी पुढे बसल्या, शिकवणाऱ्याच्या जागी. भावोजींनी वीसचा वेग धरला.

"सगळ्यांनी एक चूक केली," वहिनी समोर बघत म्हणाल्या. "सात चित्रं, म्हणजे एक हात. पण फळ्यावर नाव नसतं. कोणीही कोणाच्या मागे उभं राहू शकतं. पहिल्या तिनांत दोन गोगलगाई आहेत. गोगलगाई नव्हेत त्या, भावोजी, भोवरे आहेत. केस कापणाऱ्याचा हात डोकं काढायला बसला की आधी भोवरा काढतो. रागात काढलं तरी सवय जात नाही. दोन भोवरे कोणाला माहीत? जिच्या हातात ते डोकं वर्षभर आहे तिला. मॅडम डोक्याला हात लावत नाहीत, सेकंडची जोडी मुलाशी. ती तीन पिनची. तिने आत्ता कबूल केलंय."

भावोजींनी गाडी वळवली.

दुसरी फेरी

"चौथ्यापासून गोल कोरा. आणि विनोद संपला. पहिली तीन चारचौघांना हसवायला काढली होती. नंतरची हसवायला नव्हती. म्हणजे दुसरा हात. सहावं चित्र सोमवारी सकाळी सात-दहाला आलं, त्यात कपाळावर पायऱ्या आहेत. त्या रविवारी संध्याकाळी कापल्या गेल्या. टॉवेलखाली. आईला सोमवारी दुपारी दिसल्या. दादाला अजून दिसलेल्या नाहीत. बाहेरच्यांचा प्रश्नच नाही."

भावोजींचा पाय अलगद ब्रेककडे गेला. त्यांच्या डोक्याने आत्ताच दुसरा गियर टाकला होता.

"थांबू नका," वहिनी म्हणाल्या.

तिसरी फेरी

वहिनींनी पर्समधून कागद काढला. "हे भावोजींनी काढलेले भावोजी. भांग कागदाच्या डाव्या अंगाला. आता यांच्या समोर उभी राहून बघ, भांग कुठे दिसतो? उजव्या हाताला. पण बिचाऱ्यांनी स्वतःला कधी समोरून बघितलंच नाही. आरशात बघितलं. आरशात डावं डावीकडेच राहतं."

"चोवीस वर्षं," भावोजी पुटपुटले, "मी लोकांना सांगतोय, आरसा बघा, आरसा बघा."

"तुझा डाग डाव्या गालावर. दादाने काढला, सेकंडने काढला, पिनने काढला, सगळ्यांनी कागदाच्या उजव्या अंगाला. समोरच्याला तिथेच दिसतो. पहिल्या तीन चित्रांत तसाच आहे. शेवटच्या चारांत डावीकडे. त्या जागी तो जगात एकाच माणसाला दिसतो. आणि मंगळवारी त्या माणसाचा फोन काढून घेतला. चित्रं थांबली."

गाडीच्या आरशात निळा टॉवेल होता आणि टॉवेलखाली दोन डोळे. भावोजींनी आरसा जरा वर फिरवला. हे त्यांनी आपणहून केलं, आणि वहिनींनी ते बघितलं.

चौथी फेरी

"आईला सांगणार?" मागून आवाज आला.

"तू सांगशील. आज संध्याकाळपर्यंत. एकटीने नाही, मी बसेन बरोबर. आणि अशा गोष्टी ऐकणाऱ्या एक बाई आहेत ओळखीच्या, त्यांच्याकडे पुढच्या आठवड्यात जाऊ. मी वेडी म्हणत नाहीये तुला."

"मग काय म्हणताय?"

"विचारतेय. का?"

पूर्ण गल्ली गेली. सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला.

"तिसऱ्यानंतर दोन दिवस काही आलं नाही," भिंगरी म्हणाली. "सगळे म्हणाले, संपलं बघ. मला तर दर मिनिटाला वाटायचं, आता येईल, आता येईल. त्यापेक्षा मीच काढलं तर मला आधी कळेल. सगळ्यात वाईट मीच बोलले की दुसऱ्याकडे काही उरणार नाही." तिने टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळलं. "आणि वाटलं, आता इतकं वाईट आहे, आता तरी कोणीतरी लिहील, बास करा. एक जण तरी. चार चित्रं काढली."

भावोजींना समोरचं नीट दिसेना. त्यांनी वायपर चालू केला. काच कोरडी होती.

"आज सकाळी मी वर्गात तेच विचारलं," वहिनी म्हणाल्या. "भावोजी, सांगा काय झालं."

"हात वर गेले होते," भावोजी म्हणाले, "हसले होते त्यांचे. मग वहिनींनी विचारलं, बास करा कोणी लिहिलं. एकेकाची मान अशी खाली! आणि तो हिरव्या डोक्याचा, त्याने पहिला हात वर केला हं. जिन्यावरून ओरडून मला म्हणाला, तिला म्हणावं ये. तू यायला हवीस म्हणे, आणि हरायला हवीस."

मागून एक आवाज आला. हसू होतं की हुंदका, भावोजींना सांगता आलं नसतं.

"हरेन? त्याच्याकडून?"

घड्याळात साडेनऊ झाले होते. गल्लीचं वळण आलं. भावोजींनी इशारा दिला, आरसा बघितला, वहिनींकडे बघितलं. वहिनींनी नजर समोरच ठेवली.

"सरळ घ्या काका," भिंगरी म्हणाली.

भावोजींनी सरळ घेतली. आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा चौथा गियर टाकला.

दहा वाजता

संस्थेच्या दारात पिन उभी होती. परीक्षेला प्रत्येकाने आपापलं डोकं आणायचं असतं. भिंगरीचं डोकं म्हणजे पिन.

दोघी एकमेकींसमोर थांबल्या. पिनने तोंड उघडलं.

"आज नाही," भिंगरी म्हणाली. "ऐकेन. पण आज तुझ्या डोक्याला हात लावणार नाही."

पिनने मान हलवली आणि बाजूला झाली. पण गेली नाही.

"मग डोकं?" मॅडमनी घड्याळ बघितलं. "डोक्याशिवाय आत घेता येणार नाही."

भिंगरी वळली. वहिनी वळल्या. भावोजींना समजायला नेहमीप्रमाणे थोडा वेळ लागला, आणि समजलं तेव्हा त्यांचा हात आपोआप भांगावर गेला.

"नाही," ते म्हणाले. "वहिनी, नाही. आहेत किती ते!"

"आहेत तेवढे पुरतील," भिंगरी म्हणाली, आणि तिने टॉवेल काढला. कपाळावर पायऱ्या होत्या, गालावर डाग होता. ती आरशांच्या रांगेतून चालत गेली. चौदा भिंगऱ्या तिच्याबरोबर चालल्या. सेकंडने सरकून तिला जागा करून दिली.

टॉवेल भावोजींच्या गळ्याभोवती आला. थंड पाणी डोक्यावर पडलं. त्यांनी डोळे गच्च मिटले. बोटं केसांतून फिरू लागली, हळू, ओळख करून घेत. मग थांबली.

"काका."

"काय? गेले का सगळे?"

"तुम्हाला दोन भोवरे आहेत."

भावोजींनी डोळे उघडले. आरशात भिंगरी तक्त्यावर वाकली होती. आधी गोल, गोलात एक वेटोळं, त्याच्याशेजारी दुसरं.

"बावन्न वर्षं मला कोणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"स्वतःला दिसत नाहीत ना ते. दुसऱ्यालाच बघावे लागतात." तिने कात्री उचलली.

मागच्या भिंतीशी वहिनी उभ्या होत्या. भावोजींनी आरशातूनच त्यांना गाठलं.

"वहिनी, हे दोन नवऱ्यांचं... म्हणजे, दोन बायकांचं... घरी कोणाला सांगू नका हां."

कात्रीचा पहिला आवाज आला.